तोडलेल्या चार कड्या

"तोडा ना मिस्त्री, तोडा! चैन पाहा कशी लोंबून राह्यली, म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यावानी!"

कृषी केंद्राचा मालक माझ्या दुकानासमोर उभा राहून असा काही ओरडत होता, की फाट्यावरून निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं आपल्यालाच कोणी थांबवतंय. त्यानं आणखी पाच मिनिटं गाडी हलवली नाही. या माणसाला सायकलच्या पंपाची नळी कुठून लावतात हे उभ्या जन्मात कळलं नव्हतं. आणि तो चैन कोणाला शिकवत होता, तर मला. उंद्रीपासून खामगावपर्यंतच्या सडकेवर माझ्या हातून निघालेलं चाक सात वर्षं डगमगत नाही. काही चाकं तर मालक वारले तरी सरळ चालतात.

लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी आम्हा दोघांचं मत एकच होतं.

सायकल गिअरची होती. डोंगरावर चालवायची सायकल, असं खोक्यावर चित्रासहित छापलेलं. चित्रात एक गोरा माणूस बर्फावरून खाली उडत होता. आमच्याकडे बर्फ फक्त लग्नात, मठ्ठ्याच्या पिंपात. ही सायकल बियाण्याच्या कंपनीनं दिली होती. कपाशीच्या बीटी बियाण्याचं पाकीट घ्या, आतलं कुपन भरा, सोडतीत नाव निघालं तर सायकल. माझ्या दाजीचं नाव निघालं. दाजीनं आयुष्यात सायकलवर एकदाच पाय टाकला होता, तोही पलीकडच्या बाजूनं खाली उतरायला. म्हणून बक्षीस दाजीचं आणि सायकल त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची.

भाची शेतीचा डिप्लोमा करून घरी बसली होती. त्या हंगामापुरती तिला सरकारी कामावर घेतलं होतं. काम काय, तर अळ्या मोजायच्या. ठरवून दिलेल्या गावांत, ठरवून दिलेल्या शेतांत जायचं, वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, आत गुलाबी अळी आहे का बघायचं आणि आकडा दर बुधवारी संध्याकाळी चिखलीच्या कचेरीत नेऊन द्यायचा. एक बुधवार कोरा गेला की नाव कट. मागे यादी लागलेलीच होती. घरात पगार हा शब्द तिच्यासोबत पहिल्यांदा आला होता. दाजी तिला 'अळीवाली बाई' म्हणायचे, पण पाहुण्यांसमोर 'आमची सर्व्हेवाली' म्हणायचे.

तर सायकल माझ्या दुकानात उलटी उभी होती आणि अर्ध्या तासात कृषी केंद्रवाल्याचा बक्षीस देतानाचा फोटो काढायचा होता. पुढे एक चकती, मागे सहा. करंजीएवढीपासून भाकरीएवढीपर्यंत, एकापुढे एक लावलेल्या. त्यांच्या खाली दोन बारीक चकऱ्या आणि एक स्प्रिंग असलेलं एक मशीन लोंबत होतं. त्याला डिरेलर म्हणतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी त्याला लटकन म्हणालो, आणि आजही म्हणतो, कारण ते दुसरं काही करताना मी पाहिलेलं नाही.

आता साध्या सायकलचा कायदा सांगतो. चैन मधोमध अंगठ्यानं दाबायची. अर्ध्या बोटापेक्षा जास्त दबली, तर मागचं चाक मागे ओढायचं. तेवढ्यानंही भागलं नाही, तर कडी तोडायची. आमच्या भागात ढिली चैन म्हणजे ढिला माणूस. एकदा मुलगा पाहायला गेलेल्या पाहुण्यांनी अंगणातल्या सायकलची चैन दाबून पाहिली आणि चहाला न थांबता परत निघाले. मी स्वतः होतो त्यांच्यात. दाबणाराही मीच होतो.

या गिअरच्या सायकलची चैन सगळ्यात बारीक चकतीवर होती. ती दाबायची गरजच नव्हती, नुसतं पाहिलं तरी हलत होती.

"मामा," भाची म्हणाली, "हे असं ढिलंच असते वाटते. पुस्तिकेत चित्र हाय."

"पुस्तिका कोणं छापली?"

"कंपनीनं."

"कंपनीनं काळी माती पाह्यली का? पाण्यापावसात चैन उतरली, तर कंपनी येईन का तुझी चैन चढवाले?"

तिनं पुस्तिका पिशवीत घातली. मी पिना ठोकल्या आणि चार कड्या काढल्या. लटकन एकदम ताठ झालं, जसं वर्गात साहेब आल्यावर पोरं होतात. कृषी केंद्रवाला म्हणाला, "आता कशी सायकल वाटते." मग त्यानं सायकलला हार घातला, स्वतःलाही एक घालून घेतला आणि भाषण केलं. या बियाण्याच्या पोटातच औषध आहे, अळी आली, बोंड चाखलं, की जागच्या जागी आडवी. पाच वर्षांपूर्वी मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा अळीही ते मानायची आणि मरायची. मधल्या काळात अळी शिकली. आमच्या गावात शाळा सोडून सगळे शिकतात.

पहिला आठवडा सायकल पाण्यासारखी चालली. सपाट रस्त्यावर भाची निघाली की तिची ओढणी एका गावात आणि ती पुढच्या गावात. मी फाट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की चार कड्या तोडल्या म्हणून हा वेग आहे. दुसऱ्या आठवड्यात ती आली.

"मामा, चढावर मोठ्या चकतीवर टाकली की गुरगुरते."

"नवं हाय ते. घासल्यावर चूप बसते."

"आणि ते लटकन पार समोर ताणल्या जाते. आडवं."

मी सायकल उलटी केली. मोठ्या चकतीवर टाकली, हातानं पॅडल फिरवलं. गुरगुरत होती खरी. वरची बारीक चकरी मोठ्या चकतीला घासत होती. लटकनाच्या मागे एक बारीक स्क्रू होता. तो मी थोडा फिरवून पाहिला, काहीच झालं नाही, म्हणजे मला काही झालेलं दिसलं नाही. म्हणून तो कंपनीनं जास्तीचा दिला असं ठरवून मी काढून घेतला. वर अर्धी वाटी तेल सोडलं. गुरगुर थांबली नाही, पण तेलाचा वास इतका मोठा होता की ती ऐकू येईना.

"चढावर उतरून चालत जाय," मी सांगितलं. "चालणं तब्येतीले चांगलं असते."

"मग सायकल कायले पाह्यजे मामा?"

मी तेलाचा डबा जागेवर ठेवला. मोठी माणसं सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत बसली तर धंदा कधी करतील.

ती काही उतरली नाही. तिची निम्मी शेतं पठारावर होती आणि चढ म्हणजे काय, तो चढ. माझे आजोबा सांगायचे, त्या चढावर एकदा बैलगाडी उलटी घसरत आली ती थेट गेल्या वर्षात जाऊन थांबली. भाची गुरगुरणारी सायकल घेऊन तो चढ रोज चढायची. आणि आकडे वाढत चालले होते. आधी वीस बोंडांत एखादी अळी निघायची. मग चार निघाल्या. मग ती फोडलेलं बोंड मला दाखवायला घेऊन आली. आतला कापूस कथ्था थुंकल्यासारखा झाला होता आणि अळी आरामात पसरली होती, सासरी आलेल्या जावयासारखी.

त्या सोमवारी ती सायकल ढकलत आली. ढकलत म्हणजे मागचं चाक उचलून. लटकन चाकाच्या आत गेलं होतं, चार तारा तुटल्या होत्या, लटकन ज्या पत्र्याला अडकवलं होतं तो पत्रा कानासारखा मुरगळला होता. चैन मात्र शाबूत होती. मी ताणलेली होती ना.

"चढावर मोठ्या चकतीवर टाकली," ती म्हणाली, "आणि कडाड झालं." मग पाणी प्याली आणि म्हणाली, "तीन शेतं झाली. पाच राह्यली. बुधवारी द्याचे हायत."

मी माझी साधी बावीस इंची सायकल काढून दिली. मागच्या पावसात तिनं ती नेली होती. काळ्या मातीनं मडगार्ड भरलं, चाक फिरेना, आणि तिला सायकल खांद्यावर घेऊन यावं लागलं. पाहणाऱ्याला वाटलं असेल सायकलच तिच्यावर बसून फिरायला निघाली. ती म्हणाली, "त्या सायकलनं एक शेत होते मामा, पाच नाही होत." गावात मोटारसायकली होत्या. "मले कोणाच्या मागं बसून अळ्या मोजाच्या नाहीत," ती म्हणाली. "मग आठ दिवस लोकं माह्याच अळ्या मोजतीन."

एवढ्यात कृषी केंद्रवाला आला. अशा वेळी तो येतोच. त्याला तुटलेल्या वस्तूचा वास लागतो, कारण बऱ्याचशा त्याच्याच दुकानातून गेलेल्या असतात.

"एवढं काय मनावर घेतं बाई," तो म्हणाला. "ती पाच शेतं तर माह्याच बियाण्याची हायत. शून्य टाकून दे."

"पाह्यल्याशिवाय?"

"पाह्यलं तरी शून्यच निघन. औषध आतमधी हाय म्हणलो ना."

"मागच्या बुधवारी त्यातल्या दोन शेतांत निघाल्या."

"त्या बाजूच्या शेतातल्या असतीन. फिराले आल्या असतीन."

हा मनुष्य आठ वर्षं अळी मारायचं बियाणं विकत होता आणि आता अळीला पाहुणी म्हणून ओळख देत होता. मी त्याला तसं म्हणालो नाही. उलट मी जे बोललो ते लिहायला माझा हात आजही मागेपुढे होतो. मी म्हणालो, "अंदाजानं टाकून दे ना बेटा. मागच्या आकड्यात एकदोन मिळव. कचेरीत कोण बोंडं फोडून पाहते?"

तिनं वही पिशवीत घातली.

"मामा," ती म्हणाली, "चैनबी तुमी अंदाजानंच तोडली."

कृषी केंद्रवाला हसला. त्याला वाटलं हे फक्त माझ्यावर आहे. मला जन्मात इतका राग आला नव्हता. आणि राग येण्यासारखं तिनं काही म्हटलंही नव्हतं, म्हणून जास्तच आला. मंगळवारी पहिल्या एसटीच्या टपावर सायकल बांधली आणि मी खामगाव गाठलं. कंडक्टर म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच सायकल दुरुस्तीले घेऊन चालले?" मी म्हणालो, दुरुस्तीला नाही, दाखवायला नेतोय. तो म्हणाला, "मोडलेली?" मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कपाशीच होती.

खामगावात जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत एक चाचा गिअरच्या सायकली बघायचे. वय विचारलं तर सांगायचे, कापसाचा भाव आठवेल तेवढं. दुकान इतकं लहान की सायकल आत गेली की चाचा बाहेर. त्यांनी सायकल टांगली, एक नजर टाकली आणि सुस्कारा सोडला.

"चैन किसने काटी?"

"आमच्या गावात एक गाढव आहे, चाचा."

"गधे के हाथ में पाना किसने दिया?"

"कृषी केंद्रवाल्यानं."

"और यहाँ का स्क्रू?"

"तोही गाढवानं खाल्ला."

चाचांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. काळं तेल नखांत शिरलेली बोटं. गाढवांना नखं नसतात.  त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं, पुढची चकती माझ्या तोंडासमोर येईल असं.

मग त्यांनी जे केलं ते चार मिनिटांचं काम होतं, आणि माझ्या तीस वर्षांच्या धंद्याला ते पुरून उरलं. मुरगळलेला पत्रा आणि लटकन काढून दुसरं बसवलं, तारा भरल्या, ते वेगळं. पण चैन. नवी चैन त्यांनी पुढच्या चकतीवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या, भाकरीएवढ्या चकतीवरून नुसती गुंडाळली. लटकनात घातलीच नाही. दोन टोकं जिथं भेटली तिथं बोट ठेवलं आणि त्याच्या पुढे दोन कड्या मोजल्या. "यहाँ काटने का. इससे एक कड़ी कम नहीं." मग ती चैन लटकनाच्या दोन चकऱ्यांतून ओवली आणि पिन बसवली.

"छोटी चकती पे मत नाप बाबा," ते म्हणाले. "छोटी पे तो ढिली दिखेगीच. जो चढाव पे लगेगी, उसपे नाप."

"मग ढिली राहिली तर?"

"तो ये लटकन किसलिये लटक रहा है?" स्प्रिंग बोटानं मागे ओढून सोडली. चैन आपोआप ताणली गेली. "ढिलाई खाने को ही तो है ये."

म्हणजे कंपनीनं चैन ढिली देऊन वर ढिलाई गिळायला एक नोकर ठेवला होता, आणि मी त्या नोकराची भाकर तोडून घेतली होती. मग चाचांनी तो बारीक स्क्रू नवीन घातला. सायकल मोठ्या चकतीवर टाकली आणि स्क्रू थोडा थोडा आत घेत गेले, तशी लटकनाची वरची चकरी मोठ्या चकतीपासून खाली सरकत गेली. मध्ये पेन्सिलीच्या जाडीएवढी फट राहिली तेव्हा थांबले. याहून जवळ आली की गुरगुर. फार लांब गेली की गिअर बदलायला आळस करतो. शेवटी केबल लटकनात शिरते तिथली गोल घुंडी अर्धा अर्धा आटा फिरवत त्यांनी पॅडल मारलं. चैन करंजीवरून भाकरीवर चढली आणि भाकरीवरून करंजीवर उतरली, आवाज न करता, देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तशी.

"अब तू कर," म्हणाले, आणि सगळं सैल करून टाकलं.

मी केलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. चाचा तोवर चहा पिऊन, बाजूच्या दुकानातला पेपर वाचून, तो परत देऊन आले होते. मी त्यांना उस्ताद म्हणालो. ते म्हणाले, उस्ताद म्हणू नको, लोकांना वाटेल मीच शिकवलं.

संध्याकाळी भाची फाट्यावर उभीच होती. तिनं सायकल घेतली, मागचं चाक उचललं, पॅडल मारलं, लिव्हर दाबली. चैन चढली. खाली उतरवली, तर बारीक चकतीवर चैन खालून थोडी लोंबली. मी तोंड उघडणार होतो, सवयीनं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड तसंच मिटलं आणि मिटताना जांभई दिल्याचं नाटक केलं.

बुधवारी उजाडताच ती गेली. कृषी केंद्रवाला दिवसभर माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून होता, जसं काही त्याच्या बियाण्याचा दहावीचा निकाल लागणार होता. मी दहा वेळा सडकेवर जाऊन बघितलं. लटकन तुटलं तर कडाड असा आवाज होतो. तो मला दुपारपर्यंत सात वेळा ऐकू आला. एकदा एसटीचं दार होतं, एकदा कोणाचं तरी पत्र्याचं छप्पर, बाकीचे माझ्याच डोक्यातले होते. साडेतीन वाजता ती पठारावरून उतरून फाट्यावरून गेली, थांबली नाही, हातात वही दाखवली आणि चिखलीच्या दिशेनं निघून गेली. पाचही शेतं झाली होती. कृषी केंद्रवाला उठून उभा राहिला, मग काही सुचेना म्हणून परत बसला.

आता माझा स्वभाव असा आहे, की गोष्ट हातात आली की मी ती फुगवल्याशिवाय ठेवत नाही. चार ते सहा मी फाट्यावर बसलेल्यांना सांगत होतो, आता बघा. हे आकडे बघून साहेब खुर्चीतून उठतील. बुलढाण्याला फोन जाईल, बुलढाण्याहून अमरावतीला, तिथून मुंबईला. उद्या कंपनीवाले गाड्या भरून येतील, परवा हेलिकॉप्टर फवारणी करील, आणि या कृषी केंद्राला कुलूप लागेल. कृषी केंद्रवाला माझ्याकडे बघायचा, मग सडकेकडे. त्याचा चेहरा असा झाला होता, की मला त्याची दया आली असती, पण मी ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली. बोंडांत अळ्या निघणार हे त्याला आमच्याही आधी ठाऊक होतं, एवढंच त्या चेहऱ्यावरून कळलं.

सहा वाजून गेल्यावर ती आली. ओढणी धुळीनं तपकिरी झाली होती, गुडघ्यावर माती. सायकल स्टँडवर लावली आणि बाकाच्या टोकाला बसली. फाट्यावरची सात-आठ माणसं तिच्याभोवती अशी गोळा झाली, जसं काही ती दिल्लीहून आली होती.

"टायमावर पोचली?" मी विचारलं.

"हाव. पाचले पाच कमी होते."

"आकडे?"

"पाची शेतांत निघाल्या. एका शेतात वीस बोंडांत चौदा."

 कृषी केंद्रवाला चपलेत पाय घालायला लागला, उजव्या चपलेत डावा.

"मग साहेबानं पाह्यले आकडे?" मी म्हणालो. "तुह्यासमोर पाह्यले? काय म्हणाले?"

तिनं पदराच्या टोकासारखं ओढणीचं टोक तोंडावरून फिरवलं.

"पुढच्या बुधवारीबी आणा म्हणाले."